बारावी झालेल्या मुलांना काय द्यावं? निकालाच्या दिवशी घाई करू नका

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भाची बारावी सायन्स पास झाली, इंजिनिअरिंगला पुण्याला जायचं म्हणतेय, येत्या रविवारी बहिणीकडे सत्यनारायण आहे, तिला काय द्यायचं. आणि तुमच्या भावाचा मुलगा पण यंदाच बारावीला होता, तो केमिस्ट्रीत राहिला, तोही पूजेला येणार, त्याला काही द्यायचं का आणि दिलं तर कसं द्यायचं. बजेट दोघांचं मिळून पाच-सहा हजार.

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते आणि मध्ये बरीच वर्षं मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर पण होते, त्यामुळे मुलांना मे महिन्यात काय काय मिळतं ते बघते आणि त्यातलं ऑगस्टमध्ये खोलीवर काय पोचतं तेही बघितलंय. दोन्हीत फार फरक असतो. म्हणून पहिलीच गोष्ट सांगते, रविवारी पेढे न्या, फारतर हातात छोटं काहीतरी द्या, पण खरी भेट ॲडमिशन झाल्यावर द्या.

का ते सांगते. आपल्याकडे बारावीचा निकाल आणि पुढचं कॉलेज यात दोन-तीन महिन्यांची फट असते. २०२५ चंच बघा, बोर्डाचा निकाल ५ मेला लागला, सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) ग्रुपचा निकाल १६ जूनला, आणि त्यानंतर कॅपचे, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाचे राउंड, ते त्या वर्षी तीनाचे चार केले होते, म्हणजे सीट फ्रीझ, म्हणजे पक्की होईपर्यंत पावसाळा निम्मा संपतो. मेमध्ये कॉम्प्युटरच घेणार म्हणणारी मुलगी ऑगस्टमध्ये सिव्हिलला असते, पुणे म्हणणारी सांगलीला असते, हॉस्टेल म्हणणारी मावशीकडे राहून अप-डाऊन करत असते. नीटवाल्यांचं, म्हणजे मेडिकलला जाणाऱ्यांचं, तर त्याहून लांबतं. आता या मधल्या काळात आपण भेट दिली की ती फक्त मार्कांसाठी दिलेली असते, मूल कुठे चाललंय याचा त्यात काही संबंधच नसतो, म्हणून मग शोपीस, फोटोफ्रेम, भिंतीवरचं घड्याळ आणि स्टीलची बाटली. बाटल्या तर एकेकीकडे तीन-तीन बघितल्यात मी. देणाऱ्यांचं प्रेम खरं असतं, पण त्या वस्तू कपाटाच्या वरच्या फळीवर जातात.

तरी रविवारी रिकाम्या हाताने जाववत नाही हे मला कळतं. तर एक वस्तू आहे जी मेमध्येच लागते, आणि ती कोणी म्हणजे कोणी देत नाही. फाईल. चांगली, जाड कव्हरची, आत वीस-तीस पारदर्शक कप्पे असलेली, चेन किंवा बटण लागणारी, पावसात भिजणार नाही अशी. दोनशे-तीनशे रुपयांत येते.

माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या मामांनी अशी फाईल दिली होती, ते स्वतः तालुक्याला सेतू केंद्राशेजारी झेरॉक्सचं दुकान चालवायचे. ती फाईल मी उघडून बघितलीये. पहिल्या कप्प्यात एक कागद, त्यावर हाताने यादी, कुठल्या कप्प्यात काय. मग दहावीचं मार्कशीट, बारावीच्या मार्कशीटसाठी रिकामा कप्पा, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल (अधिवासाचा दाखला), जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचा दाखला), नॉन क्रिमीलेयर (उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा, आरक्षणासाठी लागणारा दाखला), उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान, आणि प्रत्येक ओरिजिनलच्या मागे त्याच्याच पाच-पाच झेरॉक्स. एका कप्प्यात पासपोर्ट साइजचे चोवीस फोटो, दुसऱ्यात छोटा स्टेपलर, पिना, गोंदाची कांडी, निळं-काळं पेन. आणि शेवटच्या कप्प्यात एक पेनड्राइव्ह, त्यात सगळं स्कॅन करून प्रत्येकाच्या दोन साइज, एक मोठी आणि एक फॉर्मला चालेल अशी कमी केबीची. नॉन क्रिमीलेयरची मुदत कधी संपते तेही यादीत तांबड्या पेनाने लिहिलेलं. त्या मुलीच्या ॲडमिशनला तिचे आईवडील येऊ शकले नव्हते, काउंटरवर सगळे पालक धावपळ करत होते आणि ही एकटी शांतपणे एकेक कागद काढून देत होती. इतक्या कमी पैशांत यापेक्षा मोठी भेट मी आजवर बघितलेली नाही.

तुम्हाला इतकं सगळं जमवायला वेळ नसेल तर फाईल द्या आणि भाचीबरोबर एक सकाळ बसून ती भरा. कुठला दाखला निघालाच नाहीये हे तेव्हाच कळतं, आणि मेमध्ये कळलेलं बरं, कारण व्हॅलिडिटी किंवा नॉन क्रिमीलेयर ऐनवेळी काढायला गेलं की काय होतं ते दरवर्षी बघतो आम्ही. शिवाय २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण त्याला कागद लागतात, वेळेत लागतात. भाची त्यात बसत असेल तर उत्पन्नाचा दाखला हीच सगळ्यात महागडी भेट समजा. आणि एक, कौतुकाने मार्कशीट लॅमिनेट करून देतात काही जण, ते कृपा करून करू नका, पुढे परदेशी वगैरे जायचं झालं तर अटेस्टेशनला, म्हणजे सरकारी शिक्का घेताना, लॅमिनेट केलेला कागद अडतो.

आता ॲडमिशननंतरची भेट. इथे माझा एकच सल्ला, मुलीला स्वतः फोन करा, आईला नाही, आणि विचारा की काय घेऊन झालंय, काय राहिलंय. त्याहून बरं म्हणजे त्याच कॉलेजच्या, त्याच ब्रँचच्या एखाद्या सीनिअरला विचारा. सेकंड इयरच्या पोरांना जे माहीत असतं ते आपल्याला गुगलून पण मिळत नाही. उदाहरणार्थ इंजिनिअरिंग म्हटलं की सगळे मिनी ड्राफ्टर (रेघा आखायचं साधन) आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन देतात, पण ते पहिल्या वर्षात एका सेमिस्टरपुरतं लागतं आणि सीनिअर निम्म्या किमतीत, कित्येकदा फुकटच देऊन टाकतात. काही कॉलेजात तर आता ड्रॉइंगचा बराच भाग कॉम्प्युटरवरच असतो. तेच सायंटिफिक कॅल्क्युलेटर मात्र चारही वर्षं लागतो, कॅसिओचा एफएक्स-९९१ मालिकेतला घ्या, दीड हजाराच्या आसपास पडतो, प्रोग्रॅमेबल घेऊ नका, परीक्षेला तो नेऊ देत नाहीत. आणि चांगल्या दुकानातून घ्या, या मालिकेत नकली माल फार येतो.

भाची नाही पण दुसरं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी पटापट सांगते. कॉमर्सचं मूल सीए फाउंडेशनला बसणार असेल तर त्याला सायंटिफिक देऊ नका, त्या परीक्षेला साधा, बारा आकडी, सहा फंक्शनपर्यंतचाच कॅल्क्युलेटर चालतो, तर तोच चांगल्या कंपनीचा, मोठ्या बटणांचा द्या. एमबीबीएसला लागलेल्या मुलांना सगळे स्टेथोस्कोप देतात, ती भावना मला फार आवडते, फक्त रोजचा वॉर्ड सुरू होतो दुसऱ्या वर्षापासून, पहिल्या वर्षी लागतात दोन-तीन एप्रन, डिसेक्शनचा सेट आणि बोन्स, आणि बोन्स पण सीनिअरकडूनच घ्यायच्या. स्टेथोस्कोप द्यायचाच तर त्यावर नाव कोरून द्या, कारण तो फार हरवतो. लॉला गेलेल्या मुलाला घरातलं जुनं क्रिमिनल लॉचं पुस्तक देऊ नका, १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आलीये. आयटीआयला जाणाऱ्या मुलाला तर बहुतेक वेळा कोणी काही देतच नाही, ते मला फार लागतं. त्याला चांगले सेफ्टी शूज द्या, इलेक्ट्रिशियनला असेल तर बरा मल्टिमीटर द्या, मग बघा चेहरा. आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळायचं असतं, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर साध्या बुटांनी पळून गुडघे दुखवून घेतात, त्यांना रनिंगचे खरे बूट द्या, मापाला त्यांना बरोबर घेऊन जा.

हॉस्टेलवर जाणाऱ्या मुलीचं मी जास्त सांगू शकते कारण ते डोळ्यांसमोर आहे. पहिल्या पंधरा दिवसांत मुली रेक्टरकडे काय मागायला येतात माहितीये? एक्स्टेन्शन बोर्ड, कुलूप, कात्री, आणि सेफ्टी पिन. खोलीत तिघी आणि प्लग एक, तोही कॉटच्या मागे. तर लांब वायरीचा, प्रत्येक प्लगला वेगळं बटण असलेला चांगल्या कंपनीचा एक्स्टेन्शन बोर्ड ही भेट ऐकायला साधी आहे पण ती मुलगी चार वर्षं तुमचं नाव काढेल. दुसरं म्हणजे क्लिपने कॉटला लावायचा, चार्जिंगचा छोटा दिवा. परीक्षेच्या दिवसांत एकीला झोपायचं असतं, दुसरीला वाचायचं असतं, भांडणं तिथूनच सुरू होतात, कित्येक जोड्या मी नुसत्या त्या दिव्यावर एका खोलीत टिकवल्यात. तिसरं, पुण्याचा जुलै-ऑगस्ट म्हणजे चांगला रेनकोट, आणि लॅपटॉपसाठी आत वेगळा कप्पा आणि वरून पावसाचं कव्हर असलेली सॅक. इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, पाण्याची रॉड यातलं काही देण्याआधी हॉस्टेलचे नियम विचारा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही आणि मग जप्त करायला आम्हालाच वाईट वाटतं.

आजीने शिवलेली गोधडी असेल तर ती मात्र न विचारता द्या. मुली आधी लाजतात, घरून आलेलं जुनं काही बॅगेतून बाहेर काढत नाहीत, आणि डिसेंबरात प्रत्येकीला तीच हवी असते.

लॅपटॉपचं बरेच जण विचारतात म्हणून सांगते. एकट्याने देऊ नका आणि आधी देऊ नका. काका, आत्या, मामा, मावशी असे चौघं-पाच जण पैसे एकत्र करा, पाच शोपीसच्या पैशात निम्मा लॅपटॉप होतो. कुठला घ्यायचा ते ब्रँच ठरल्यावर, कारण मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांना लागणारी काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, सॉलिडवर्क्स त्यातलंच, तिथे महागडा मॅक देऊन उपयोग नाही. अमेरिकेतली आत्या येताना घेऊन येते म्हणाली तर हरकत नाही, अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो, फक्त वॉरंटी भारतात चालते का ते घेण्याआधी बघायला सांगा.

आणि पाकीट. काही जण म्हणतात पैसे देणं म्हणजे विचार न करता देणं, मला तसं अजिबात वाटत नाही. पहिल्या महिन्यात डिपॉझिट, मेस, शीट्स, झेरॉक्स, बसचा पास, पैसे पाण्यासारखे जातात आणि मुली घरी मागायला कचरतात, विशेषतः ज्यांच्या आईवडिलांनी फीसाठीच कर्ज काढलंय त्या. फक्त पूजेच्या गर्दीत दिलेलं पाकीट आईकडे जातं आणि घरखर्चात मिसळतं, त्यात कोणाची चूक नसते, घराला गरज असते. म्हणून मुलीच्या स्वतःच्या खात्यावर द्या. आणि एकरकमी देण्यापेक्षा दर महिन्याला पाचशे रुपये, ठरलेल्या तारखेला, सहा महिने. यूपीआयवर ऑटो लावून टाका. दर महिन्याला पैसे आले की ती फोन करेल, जेवलीस का, काय चाललंय एवढं बोलणं होईल. नव्या गावात पहिलं सेमिस्टर मुलींना फार जड जातं, रडत बसलेल्या मुलींशी रात्री अकरा वाजता मी बोललेय, त्यातल्या बऱ्याच जणींना घरी सांगता येत नव्हतं आणि दुसरं कोणी मोठं माणूस फोन करणारं नव्हतं. मामाचा दर महिन्याचा फोन ही जागा भरून काढतो.

जाता जाता दहावीच्या मुलांचं. मार्क चांगले पडले म्हणून स्कूटर घेऊन देणारे पालक दरवर्षी वाढतायत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ११० सीसीची गाडी चालवायचं लायसन्स मिळतच नाही, त्यासाठी अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आणि कायद्याचं सोडा, माझ्या वर्गातली एक खुर्ची अशाच गाडीमुळे रिकामी झालीये. सायकल द्या, चांगली द्या.

गुणगौरव समारंभ करणाऱ्या मंडळांना पण माझं हेच सांगणं आहे. शाल, श्रीफळ, गुलाब आणि ट्रॉफी, ठीक आहे, मुलांना स्टेजवर बोलावलं की बरं वाटतं, आईवडिलांना त्याहून जास्त बरं वाटतं. पण ट्रॉफीच्या पैशात अभ्यासिकेची तीन महिन्यांची फी बसते. आणि पैसे नसतील तर मंडळातल्या इंजिनिअरिंग झालेल्या पोरांना एक रविवार बसवा आणि गावातल्या मुलांचे कॅपचे ऑप्शन फॉर्म भरून द्या. कॉलेजांचा क्रम चुकीचा लावल्यामुळे चांगले मार्क असून लांबच्या कॉलेजला गेलेली मुलं दरवर्षी दिसतात.

आता पुतण्याचं, आणि दादा, मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातला मोठा भाग हाच आहे. अशा पूजेच्या दिवशी नापास झालेलं मूल काय करत असतं ते मी बघितलंय, ते पाहुण्यांना पाणी देत फिरत असतं, म्हणजे कोणाजवळ बसावं लागत नाही आणि कोणी विचारायच्या आत पुढे जाता येतं. त्याला बाजूला घेऊन समजावू नका, त्या दिवशी तरी नको. त्याला भाचीइतकंच द्या. रक्कम तेवढीच, तशीच फाईल, तेच महिन्याचे पाचशे. पास झालास तर देईन असं तर अजिबात म्हणू नका, नापास झालेल्या मुलाला घरात सगळं आता अटीवरच मिळायला लागलेलं असतं. प्रेरणादायी पुस्तक पण देऊ नका, मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. आणि दोघांना एकाच वेळी सगळ्यांसमोर देऊ नका, आदल्या दिवशी भावाकडे जा आणि त्याला घरी द्या, म्हणजे रविवारी तो येईल तेव्हा तुमच्याशी त्याची नजर मिळेल.

त्याला खरी गरज असलेली भेट म्हणजे केमिस्ट्रीचा माणूस. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते, एकच विषय आहे, महिना-दीड महिना नीट शिकवणारं कोणी मिळालं तर निघतो. तुमच्या बजेटमधले त्याच्या वाटणीचे निम्मे पैसे एखाद्या चांगल्या शिकवणीला द्या (महिन्याचे पाचशे मग सहाऐवजी तीन महिने), मागच्या चार-पाच वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका काढून द्या, आणि जमलं तर परीक्षेच्या दिवशी सेंटरवर त्याला सोडायला तुम्ही जा. वर्ष वाया गेलंच असं नसतं, पुरवणीचा निकाल लागल्यावर सुद्धा बऱ्याच ठिकाणी जागा असतात, निदान बीएस्सी, डिप्लोमा, आयटीआयचे रस्ते बंद होत नाहीत.

फक्त एक बघा, आणि रविवारची वाट न बघता बघा. पुरवणीचे फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतात, ते त्याच्या कॉलेजमार्फतच भरायचे असतात आणि तारीख गेली की लेट फी पडते. नापास झालेली मुलं कॉलेजात जायला लाजतात आणि घरचे रागात असतात, त्यामुळे फॉर्म राहून जातो. उद्या भावाला फोन करून विचारा की फॉर्म भरला का, नसेल तर पुतण्याला घेऊन तुम्हीच ऑफिसला जा, हॉलतिकीट आणि मार्कशीटची प्रिंट बरोबर न्या.